पुस्तकाने वाचवलेले मंदिर

कादंबरीतील स्थळ म्हणजे पात्रांच्या पाठीमागचा पडदा, असे आपण सहज समजून चालतो. व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोत्र दाम द पारी’ या कादंबरीत मात्र मुख्य पात्र एक वास्तूच आहे. ग्रंथाला नावही त्या महामंदिराचेच!

कथा घडते १४८२ च्या पॅरिसमध्ये. कुरूप घंटावादक क्वासिमोदो एस्मेराल्दाला मृत्यूच्या दारातून उचलून मंदिरात नेतो. तेथे तिला शरण आलेल्याचे अभय मिळते. परंतु त्याच मंदिराच्या मनोऱ्यातील कोठडीत आर्चडीकन क्लोद फ्रोलो वासनेने होरपळतो आहे आणि भिंतीवर त्याने ‘नियती’ या अर्थाचा ग्रीक शब्द कोरला आहे. अभय आणि विनाश एकाच छपराखाली नांदतात. मंदिर जणू मानवी अंतःकरणाचे प्रतीक होते.

ह्यूगो लिहीत होते तेव्हा प्रत्यक्ष मंदिर जर्जर झाले होते. क्रांतिकाळात, १७९३ साली, तेथे बुद्धिदेवतेचा उत्सव झाला. दर्शनी भागावरील यहुदाच्या २८ राजांचे पुतळे फ्रान्सचे राजे समजून फोडण्यात आले. कादंबरीने लोकांना या वास्तूकडे पुन्हा पाहायला शिकवले. १८४४ साली लास्यू व व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदांकडे जीर्णोद्धार सोपवण्यात आला आणि सुमारे वीस वर्षे काम चालले.

१८३२ च्या आवृत्तीत घातलेल्या एका प्रकरणात ह्यूगो म्हणतात, की छापील ग्रंथ वास्तुकलेला मारील. त्यांच्याच ग्रंथाने ते खोटे ठरवले! आणि आमच्या ख्रिस्तसभेने काय केले? १८३४ साली हाच ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातला. ती सूची १९६६ साली रद्द झाली. आर्चडीकनचे पाप आम्हांला दिसले. मंदिरावरचे लेखकाचे प्रेम दिसले नाही. आम्ही धर्मगुरूंनी हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

१५ एप्रिल २०१९ रोजी मंदिराला आग लागली, छप्पर जळाले, शिखर कोसळले. त्या दिवसांत फ्रान्समधील लोकांनी तीच कादंबरी पुन्हा विकत घेऊन वाचली. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिराची दारे पुन्हा उघडली. एखाद्या पुस्तकावर रागावण्याआधी ते शेवटपर्यंत वाचावे, एवढे तरी आपण या इतिहासातून शिकावे.