आधी विक्री, मागून पुरावा

एप्रिल २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या मैलाच्या आसपास कोसळली आणि दगावली. पाण्याच्या बाटलीत तिने ‘जॅक३डी’ नावाच्या पावडरीचा एक स्कूप मिसळला होता. व्यायामाआधी घेतली की तरतरी येते, दम लवकर लागत नाही, अशी या पावडरीची ख्याती. पुढच्या जानेवारीत कॉरोनरने निष्कर्ष दिला की, पराकाष्ठेच्या श्रमांना पावडरीतल्या डीएमएए या उत्तेजकाची जोड मिळाली आणि हृदय बंद पडलं. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, ब्रिटनच्या औषध नियामकाने ठरवलं होतं की हा पदार्थ शरीरावर औषधासारखा परिणाम करतो, म्हणून तो विनापरवाना औषध आहे आणि दुकानात राहता कामा नये. अमेरिकेत त्या वेळी तोच डबा खाद्यपदार्थ म्हणून विकला जात होता आणि तिथलं सरकार कंपन्यांशी पत्रव्यवहार करत होतं. प्री-वर्कआउटचा विषय निघाला की धडधड, वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप, एका स्कूपमधलं कॅफीन यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण या पावडरींचा इतिहास उलगडून पाहिला तर धोक्याचं मूळ एखाद्या रसायनापेक्षा एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात सापडतं. निर्धोक असल्याचं विकणाऱ्याने आधी सिद्ध करायचं, की घातक असल्याचं सरकारने नंतर?

मेहनतीआधी किंवा मेहनत चालू असताना काहीतरी घेऊन शरीराला हाकण्याची खोड जुनीच आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये थॉमस हिक्स मॅरेथॉन जिंकला तो वाटेत दिलेल्या स्ट्रिक्नीनवर, म्हणजे कुचल्याच्या बियांतल्या विषावर. सोबत अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी. उकाडा असा की ३२ जण निघाले आणि १४ पोचले. हिक्सही शेवटी माणसांच्या आधाराने कसाबसा पोचला, पण त्या वेळी कुणाला यात गैर वाटलं नाही. उलट औषधांचा खेळाडूंना किती उपयोग होतो याचा हा दाखला मानला गेला. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की डायनायट्रोफेनॉल घेतलं की वजन झपाट्याने उतरतं. अल्पावधीत सुमारे एक लाख लोकांनी ते घेतलं असावं, असा तेव्हाचा अंदाज. काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले, काही जण आतल्या आत तापून मेले, आणि अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्याकडे ते थांबवायचं साधन नव्हतं. साधन आलं ते १९३७ च्या दुर्घटनेनंतर. सल्फा औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून ‘एलिक्झर’ म्हणून विकलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली, त्यांत अनेक मुलं. सरकारला बाटल्या जप्त करता आल्या त्या केवळ नावावर बोट ठेवून: एलिक्झरमध्ये अल्कोहोल असावं लागतं आणि यात ते नव्हतं. ते विषारी होतं, हे जप्तीला पुरेसं कारण नव्हतं! १९३८ च्या कायद्याने हा उलटा न्याय सरळ केला. नवं औषध विकायचं तर ते सुरक्षित असल्याचं आधी दाखवा.

१९९४ साली अमेरिकेने पूरक आहारापुरतं हे चक्र पुन्हा उलटं फिरवलं, आणि तेही लोकांच्या मागणीवरून. याची बीजं जुनी होती. अन्न व औषध प्रशासनाने जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर मात्रेची मर्यादा घालायचा प्रयत्न केला तेव्हा काँग्रेसने १९७६ मध्ये त्याचे हात बांधले. नव्वदीच्या सुरुवातीला प्रशासन पुन्हा कडक व्हायला लागल्यावर व्यापाऱ्यांनी टीव्हीवर एक जाहिरात आणली. अभिनेता मेल गिब्सनच्या घरात सशस्त्र सरकारी पथक घुसतं आणि त्याच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या ताब्यात घेतं, असा देखावा. काँग्रेसकडे पत्रांचा पाऊस पडला. पूरक आहाराच्या कारखान्यांचं माहेरघर असलेल्या युटाचे सिनेटर ऑरिन हॅच आणि दुसऱ्या पक्षाचे टॉम हार्किन एकत्र आले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. त्यानुसार पूरक आहार हे अन्न. विकण्याआधी मंजुरी नको. आधी बाजारात नसलेला घटक घालायचा तर ७५ दिवस अगोदर कळवायचं, बस्स. तो घातक असल्याचं सिद्ध करायचं काम सरकारचं. त्या वेळी बाजारात अशी सुमारे ४,००० उत्पादनं होती. २००८ पर्यंत ती ७५,००० च्या घरात गेली.

या कायद्याची पहिली मोठी कसोटी म्हणजे इफेड्रा. चिनी वैद्यकात खोकल्या-दम्यासाठी वापरली जाणारी ही वनस्पती. तिच्यातलं इफेड्रिन जपानच्या नागाई यांनी १८८५ मध्ये वेगळं काढलं होतं. अमेरिकी व्यायामशाळांत ती आली ती कॅफीनची जोडीदार होऊन, चरबी जाळणारी आणि व्यायामाआधी ‘किक’ देणारी म्हणून. १९९७ मध्ये प्रशासनाने एका वेळच्या मात्रेवर ८ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. पुरावा अपुरा असल्याची टीका झाली आणि २००० मध्ये तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पुरावा होता कुठे? बराचसा विकणाऱ्यांच्याच कपाटात. मेटाबोलाइफ या कंपनीने आपल्याकडे तक्रारी आल्या नसल्याचं सरकारला सांगितलं होतं. २००२ मध्ये तिने १३,००० हून अधिक नोंदी सुपूर्द केल्या. दुष्परिणाम कळवणं त्या वेळी कंपन्यांना बंधनकारकच नव्हतं. शाबितीची जबाबदारी एकाची आणि पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात, असा हा कारभार.

फेब्रुवारी २००३ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा पिचर स्टीव्ह बेचलर फ्लोरिडातल्या सराव शिबिरात उष्माघाताने कोसळला. शरीराचं तापमान १०८ फॅरनहाइटवर गेलं होतं. वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांमध्ये त्याने घेतलेल्या गोळ्यांतल्या इफेड्राची नोंद केली. व्यापाऱ्यांचा आक्षेप लगेच आला, आणि तो पोकळ नव्हता. बेचलरचं वजन जास्त होतं, रक्तदाब वाढलेला होता, यकृतात बिघाड होता, वजन उतरवण्यासाठी तो नीट जेवत नव्हता, आणि हवा दमट होती. मग दोष गोळीचा कसा? पण यातला एकेक मुद्दा हातात घेऊन पाहावा. वजन उतरवायचं म्हणूनच माणूस अशी गोळी घेतो. उपाशीपोटी, उन्हात, घाम गाळतानाच घेतो. रक्तवाहिन्या आवळणारं, हृदयाचा वेग वाढवणारं आणि शरीरातली उष्णता बाहेर पडू न देणारं उत्तेजक याच परिस्थितीत सर्वांत जास्त नडतं. बेचलरसारखे ग्राहक हा अपवाद मानायचा, तर ज्याला नियम म्हणायचं तो ग्राहक दुकानात येतो तरी कशाला? २००१ च्या आकड्यांनुसार वनौषधींच्या विक्रीत इफेड्राचा वाटा एक टक्क्याहून कमी होता, आणि विषबाधा केंद्रांकडे नोंदलेल्या वनौषधींच्या दुष्परिणामांत ६४ टक्के. तरीही बंदी लागू व्हायला एप्रिल २००४ उजाडला, आणि त्यानंतर ती न्यायालयात टिकवायला आणखी दोन वर्षं गेली.

डीएमएएची कथा याहून बोलकी आहे, कारण हे मुळात औषधच होतं. १९४४ मध्ये एलाय लिली कंपनीने नाक चोंदल्यावर हुंगायचं औषध म्हणून त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते बाजारातून गेलं. इफेड्रावर बंदी आल्यानंतर दोनच वर्षांत, २००६ मध्ये, एका रसायनज्ञाने त्याला पूरक आहार म्हणून परत आणलं. अन्न म्हणून खपवायचं तर वनस्पतीचा वारसा दाखवायला हवा, म्हणून जिरेनियमच्या तेलाचा आधार घेतला गेला. हा आधार म्हणजे १९९६ चा एक चिनी शोधनिबंध. डब्यांत भरलेला माल मात्र कारखान्यात बनवलेला होता. याची झळ भारतापर्यंत पोचली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०१० च्या बंदी-यादीत हे द्रव्य आलं आणि त्याच वर्षी, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, भारतीय कुस्तीगीर, जलतरणपटू अशा अनेकांच्या चाचण्यांत ते सापडलं. तालमीतल्या खुराकात बदाम किती आणि तूप किती हे वस्तादाला डोळे मिटून सांगता येतं. आयात डब्याचं तसं नसतं.

२०११ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस तळावर कवायत करताना दोन सैनिक दगावले आणि त्यांच्या शरीरात डीएमएए आढळलं. डिसेंबरात सैन्याने आपल्या तळांवरच्या दुकानांतून ही सगळी उत्पादनं उचलली. सैन्याच्याच समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला तो मुळातून समजून घ्यावा असा आहे. डीएमएएनेच मृत्यू ओढवले असं उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येत नाही, असं समितीने मान्य केलं. आणि तरी सांगितलं की विक्री बंदच ठेवा, कारण फायदा नाममात्र आणि संभाव्य धोका प्राणावर बेतणारा. नागरी बाजाराला हाच पुरावा ‘सिद्ध झालं नाही’ असा वाचावा लागला असता. सैन्याने तो ‘सुरक्षित असल्याचं दिसत नाही’ असा वाचला. पुरावा तोच राहिला आणि निकाल फिरला. माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, आजच्या बहुतेक डब्यांत असलं काही नसतं. कॅफीन, क्रिएटीन, बीटा-अ‍ॅलानिन, सिट्रुलिन; यांचा अभ्यास झालेला आहे आणि निरोगी माणसाला योग्य मात्रेत ते सोसतात. हे खरं आहे. बीटा-अ‍ॅलानिनने चेहऱ्याला, हाताला मुंग्या येतात त्या निरुपद्रवी असतात, जरी बरेच जण त्यांनाच पावडर ‘लागल्याची’ खूण समजत असले तरी. पण ‘योग्य मात्रेत’ म्हणताना मात्रा कळायला हवी. २०१९ मध्ये खपाच्या १०० प्री-वर्कआउट उत्पादनांची लेबलं तपासली गेली, तेव्हा जवळपास ४४ टक्के घटक ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’च्या पडद्याआड होते, म्हणजे मिश्रणाचं एकूण वजन छापलेलं, कोणतं किती ते नाही. ज्यांनी कॅफीनचा आकडा दिला होता त्यांची सरासरी एका मात्रेला २५४ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढासाठी दिवसभराची सर्वसाधारण मर्यादा ४०० धरली जाते. दुसरा स्कूप घेतला की ती ओलांडली, दिवसभराचा चहा-कॉफी वेगळाच. आणि पाण्याशिवाय कोरी पावडर तोंडात टाकायची टूम निघाली तेव्हा हे सगळं एका दमात पोटात जाऊ लागलं.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आणि पैशांचा. औषधासारख्या चाचण्या मागितल्या तर साधी जीवनसत्त्वाची गोळीही महागेल आणि छोटे उत्पादक बुडतील. पण औषधाचा कायदा आणि मोकळं रान, यांच्या मधेही जागा आहे. भारताच्या २०१६ च्या नियमांनी मान्य घटकांच्या याद्या घातल्या. यादीबाहेरचं काही वापरायचं तर आधी मंजुरी घ्यायची. रचना म्हणून हे अमेरिकेपेक्षा शहाणपणाचं आहे. मात्र डब्यावरचा परवाना क्रमांक म्हणजे त्या डब्यातल्या पावडरीची प्रयोगशाळेत चाचणी झाल्याचा दाखला नव्हे, आणि ओळखीच्याकडून परदेशातून मागवलेल्या डब्याला तर या याद्यांचं बंधनच नसतं.

राहता राहिला तिसरा: बंदीने काही होत नाही, लोक चोरून घेतातच. याला आकड्यांनीच उत्तर दिलेलं आहे. अमेरिकेत विषबाधा केंद्रांकडे इफेड्राच्या २००२ मध्ये १०,३२६ नोंदी होत्या. २०१३ मध्ये १८०. बंदी लागू पडते, पण एका नावापुरती. डीएमएएला बाजारातून हटवण्याचा वाद अपील न्यायालयात निकाली निघाला तो २०१९ मध्ये, ते विकायला लागल्यापासून १३ वर्षांनी. मधल्या काळात जॅक३डीच्या उत्पादकाने ऑक्सीएलिट प्रो या आपल्या दुसऱ्या उत्पादनातलं डीएमएए काढून नवं मिश्रण आणलं, आणि २०१३ मध्ये हवाईतल्या डॉक्टरांना एकापाठोपाठ एक तरुण, धडधाकट माणसं यकृत निकामी होऊन येताना दिसू लागली. नव्या घटकाचं नाव कुणाच्या बंदीच्या यादीत नव्हतं. ते असायचं कारणच नव्हतं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.