जपमाळेतील काच

कुंडलिका नदी रोह्याहून वाहत जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तेथेच प्राचीन चौल बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा ‘सेमिल्ला’ म्हणून उल्लेख आहे. उत्तरेस भरुचला व दक्षिणेस मुझिरिसला कच्ची काच आयात होत असे, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे.

कच्च्या काचेला गिऱ्हाईक होते, कारण मणी करणाऱ्याने स्वतः काच बनवलीच पाहिजे असे नाही. वाळू आणि क्षार वितळवण्यास मोठी भट्टी लागते, परंतु तयार कांडी मऊ करण्यास दिव्याची फुंकून तेज केलेली ज्योत पुरते. मातीचा लेप दिलेल्या लोखंडी तारेवर मऊ काच गुंडाळत, तार सतत फिरवत राहायचे. हात थांबला की मणी एका बाजूस ओघळतो. नंतर तो गरम राखेत सावकाश निवू द्यावा लागतो, नाही तर तडकतो. एवढे काम घराच्या पडवीतही होते. पुरदिलनगर व बनारस येथे आजही ज्योतीवरचे मणी होतात.

भारताची जुनी रीत मात्र बहुतांशी निराळी. काचेची पोकळ नळी लांब ओढून तिचे बारीक तुकडे पाडीत. नेवासे, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचमणी सापडले आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी या विषयाला आयुष्यातील कित्येक वर्षे दिली. त्यांचा भारतीय काचेचा इतिहास १९६९ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसाचे नाव आपल्या शाळांतून ऐकू येत नाही, याचे नवल वाटते.

युरोपात व्हेनिसने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तेथील मणिकारांच्या एका संघाचे नावच ‘पातेरनोस्त्रेरी’, म्हणजे ‘हे आमच्या बापा’ प्रार्थनेचे मणी करणारे! १५७१ साली निजामशाहीने चौलला घातलेला वेढा उठला आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला लेपांतोची लढाई झाली. त्या विजयाच्या स्मरणार्थ आपण जपमाळेच्या राणीचा सण पाळतो. त्या आरमारात व्हेनिसचीही गलबते होती.

पेण-रोह्याकडील कुटुंबांत आजीची काचेची जपमाळ असेल, तर एक मणी भिंगाखाली धरून पाहावा. आतील बुडबुडे छिद्राभोवती वळलेले असतील, तर मणी तारेवर गुंडाळलेला. छिद्राला समांतर लांबट असतील, तर ओढलेल्या नळीचा. हल्ली दोरा तुटला की जुनी माळ टाकून अंधारात चमकणारी प्लास्टिकची आणतात. आशीर्वादित माळ कचऱ्यात टाकायची नसते, हे तर धर्मशिक्षणाच्या वर्गातच सांगतो. पण पुरण्याची घाई तरी कशाला? एकोणसाठ मण्यांपैकी दोन-तीन फुटले असतील; बाकीचे ओवून घ्यावेत, आणि माळ कोणी, कोठून आणली ते घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून ठेवावे.