घोंगता, रेनकोट आणि एन-एचची भानगड

पावसाळ्यात दोन दिवस वाशीमला घरी गेलो होतो. जाताना नवा रेनकोट मिरवत नेला, पाणी आत येत नाही पण घाम बाहेर जातो त्यातला. बाबांनी तो उजेडात धरला, चाचपला आणि विचारलं, "याले भोकं नाहीत म्हन्तं, मंग घाम बाहीर जाते कसा?" त्यांचं सगळं तरुणपण पोत्याच्या घोंगत्यात गेलेलं, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, "टेक्नॉलॉजी आहे ती." इंजिनीअर मुलाने द्यावं इतकं भिकार उत्तर! परत आल्यावर पॉलिमरमध्ये पीएचडी केलेल्या आतेभावाला फोन लावला. त्याने तासभर पिडलं, मग पुढचे दोन वीकेंड मी वाचण्यात घालवले. त्याचा हा हिशोब.

या जातीच्या रेनकोटात पॉलियुरेथेनचा एक पातळ पडदा असतो. त्याच्या लांबलचक साखळीत आळीपाळीने कडक आणि मऊ तुकडे येतात. मऊ तुकड्यांना पाणी आवडतं. घामाची वाफ आतल्या बाजूने त्यांच्यात विरघळते, रेणूरेणूने पुढे सरकते आणि बाहेर उडून जाते, भोक लागतच नाही. कडक तुकडे एकमेकांना धरून छोटी बेटं करतात, म्हणून पडदा फाटत नाही. ही धरपकड होते हायड्रोजन बंधांनी. एका साखळीतला एन-एच शेजारच्या साखळीतल्या कार्बोनिलचा (म्हणजे सी=ओचा) ऑक्सिजन धरतो. बंध तसा फुसका, साध्या कार्बन-कार्बन बंधाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी ताकदीचा. पण संख्येने भरपूर.

भानगड अशी, की एन-एच इमानदार नाही. तो कार्बोनिल सोडून मऊ तुकड्यातल्या ईथरच्या ऑक्सिजनलाही धरू शकतो. तसं झालं की कडक-मऊ एकमेकांत मिसळतात आणि पडद्याचा स्वभावच बदलतो. मग कुणी कुणाचा हात धरलाय हे बघायचं कसं?

इथे येतो इन्फ्रारेड. 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून ऊन पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला, तर लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे पारा जास्त चढला. हा माणूस मुळात खगोलशास्त्रज्ञ, रसायनाशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढे 1905 साली अमेरिकेतल्या विल्यम कोब्लेंट्झने शेकडो पदार्थांचे इन्फ्रारेड वर्णपट हाताने एकेक बिंदू मोजून छापले, आणि रेणूतल्या ठराविक गटाची खूण ठराविक जागीच उमटते हे दिसू लागलं. (हाताने! आपण सीएसव्ही उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर वैतागतो.) तरी हे यंत्र सगळ्यांच्या हाती यायला महायुद्ध व्हावं लागलं. रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले, अमेरिकेला कृत्रिम रबर हवं झालं आणि त्याचा कच्चा माल पटापट तपासायला 1942 साली बेकमनने इन्फ्रारेड यंत्र बनवलं. पॉलियुरेथेन तोवर जन्मलं होतं, 1937 साली जर्मनीत ऑटो बायरच्या हातून.

दोन्ही धागे नीट जुळले ते 1970 मध्ये. सेमूर, एस्टेस आणि कूपर यांनी पॉलियुरेथेनच्या फिल्मवर इन्फ्रारेड टाकला. मोकळा एन-एच 3450 च्या आसपास दिसतो (एकक: एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी). त्याने कुणाचा हात धरला की त्याचा स्वतःचा बंध थोडा सैल होतो आणि तो 3320 च्या आसपास उतरतो. कार्बोनिल तसाच 1730 वरून 1700 कडे सरकतो. बहुतेक एन-एच बांधलेले निघाले, पण कार्बोनिल बरेचसे मोकळेच! म्हणजे उरलेले एन-एच मऊ तुकड्यांकडे गेले होते. पडदा न फाडता आतली पार्टीबाजी कळली.

मग लोकांनी फिल्म तापवायला सुरुवात केली. तापवली की बांधलेल्या एन-एचचा पट्टा खुजा होतो. पट्टा कमी म्हणजे बंध तुटले, लावा टक्केवारी. बरीच वर्षं हेच चाललं. 1986 मध्ये पेन स्टेटच्या कोलमन आणि पेंटर यांच्या गटाने एक साधं पॉलियुरेथेन घेऊन हे तपासलं आणि हिशोबातला बग दाखवला. बांधलेला एन-एच मोकळ्यापेक्षा मुळातच कितीतरी जोरात बोलतो, आणि बंध जितका घट्ट तितका जास्त जोरात. तापवल्यावर बंध न तुटता नुसता सैल झाला तरी आवाज खाली येतो. म्हणजे तुटले म्हणून मोजलेले बरेचसे बंध तुटलेच नव्हते. प्रॉडक्शनचा लॉग बघून मीही असं शेण खाल्लंय. एक मॉड्यूल एका चुकीला दहा ओळी छापायचा आणि मी ओळी मोजून अहवाल पाठवला होता. कार्बोनिलचा पट्टा त्यामानाने कमी दगा देतो, म्हणून मोजणीसाठी तोच बरा मानतात. मला या इतिहासात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. यंत्र पहिल्यापासून खरं बोलत होतं, ऐकणारे चुकले.

आपल्याकडचं थोडं. सी. एन. आर. राव यांचं रसायनशास्त्रातल्या इन्फ्रारेडवरचं पुस्तक 1963 मध्येच आलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात माशेलकर, लेले आणि बडिगेर यांनी हायड्रोजन बंध असलेल्या जेलचं गणित मांडलं. पडदा नाही, जेल. पण पाणी आणि पॉलिमरची ओढाताण तीच. आतेभावाची आठवण मात्र वेगळीच निघाली. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकतीत दाबायचा, आणि हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. पुण्याच्या जुलैत वर्णपटावर आधी पावसाळाच दिसतो म्हणे :)

हे सगळं फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी हूं हूं करत ऐकलं. शेवटी मी म्हटलं, सोयाबीनच्या तेलावर प्रक्रिया करून त्यापासूनही पॉलियुरेथेन बनतं, फोर्डने 2008 च्या मस्टँग गाडीच्या सीटांच्या फोममध्ये ते वापरलंय. तिकडे एकदम शांतता. मग बाबा म्हणाले, "मंग क्विंटलमागं काय भाव देतेत ते?"