पूर्णेला गाडी बदलणारे इलेक्ट्रॉन

परभणीत बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेल्या कुठल्याही पोराला विचारा, हॉल इफेक्ट त्याला पाठ असतो. कित्येक ठिकाणी तो नुसता जर्नलात उतरवून घेतात, सेट कपाटातच. म्हणून ही पोस्ट.

१८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल या विद्यार्थ्याने सोन्याच्या वर्खातून वीज सोडली आणि वर्ख चुंबकात धरला. वर्खाच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज आलं. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचाच होता! आज ई-बाईकच्या मोटरमध्ये बसतो तो हॉल सेन्सर याच घराण्यातला.

१९२९ मध्ये हर्मन वाइल या जर्मन गणितज्ञाने वजनच नसलेल्या कणाचं समीकरण मांडलं. हे कण दोन जातीचे, डावे आणि उजवे. पुढे लोकांना वाटलं, न्यूट्रिनो म्हणजेच हा कण. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर न्यूट्रिनो टिपत होते. पण १९९८ मध्ये जपानच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनोला वजन आहे. वाइलचा कण परत बेपत्ता.

सापडला २०१५ मध्ये, टॅंटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात. तिथले इलेक्ट्रॉनच तसे वागतात. समीकरणाला तोवर ८६ वर्षं झाली होती. 'याचा उपयोग काय' असं दर वेळी विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता प्रश्न असा, की असे दोन अर्धधातू जोडले आणि जोरदार चुंबक लावला तर? एका जातीचे इलेक्ट्रॉन चुंबकाच्या दिशेने धावतात, दुसऱ्या जातीचे उलट. सांध्यावर काय होतं ते समजायला आपलं पूर्णा जंक्शन बरं. अकोल्याची लाईन मीटरगेज होती तेव्हा नांदेडहून ब्रॉडगेजने आलेल्यांना तिथे उतरून गाडी बदलावी लागायची. इथंही सांध्यावर प्लॅटफॉर्मसारख्या वाटा असतात, त्यांना फर्मी आर्क म्हणतात. चुंबक इलेक्ट्रॉनला त्यावरून ढकलत नेतो. वाट पलीकडच्या रुळाला मिळाली तर तो पार, नाही तर आल्या बाजूला परत, तेही दुसऱ्या जातीचा होऊन.

उघड्या पृष्ठभागावरच्या वाटा प्रकाश टाकून बघता येतात. सांधा मात्र आत दडलेला. म्हणून तिथे १८७९ चीच रीत: चुंबक लावा, वीज सोडा, किती पार गेली ते मोजा. हे गणित कागदावर बरंच पुढे गेलंय, पण असा स्वच्छ सांधा बनवणं महाकठीण.

बी.एस्सी.च्या पोरांनो, आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा असते. आणि तो सेट कपाटातून बाहेर काढायला लावा.