स्फुरदाचे न्यून आणि मूत्रपिंडाचे कार्य

सेलूच्या आसपासची काळी जमीन कपाशीला मानवते. परंतु तिच्यातील स्फुरद चुन्याशी बांधले जात असल्याने पिकाला पुरते मिळत नाही, आणि कडब्यात तर ते मुळातच थोडे. निव्वळ कडब्यावर पोसलेले जनावर हाडे, चिंध्या चघळू लागते. व्यालेल्या म्हशीची लघवी कधी लाल होते. हा रंग मूत्रपिंडाच्या जखमेचा नसून रक्तातील फुटलेल्या तांबड्या पेशींचा होय.

हाडे चघळण्याचे कारण दक्षिण आफ्रिकेत उलगडले. १९२० च्या सुमारास सर आर्नोल्ड थाइलर यांनी गुरांना हाडांचा चुरा चारून ही खोड स्फुरदाच्या उणिवेची असल्याचे दाखविले. शरीराच्या आत काय घडते, हे मात्र उंदरांवरून कळले. १९३९ मध्ये डे व मॅकॉलम यांनी स्फुरद जवळजवळ नसलेल्या आहारावर उंदीर ठेविले. त्यांच्या लघवीतील स्फुरद नाममात्र उरले, आणि कॅल्शियम मात्र भरमसाट वाहू लागले.

माणसाविषयीचा पुरावा १९६८ मध्ये लॉट्झ, झिस्मन व बार्टर यांनी मांडला. आम्लपित्तावरील काही औषधे आतड्यातच फॉस्फेट अडकवितात. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांस अशक्तपणा व हाडदुखी जडली, लघवीत कॅल्शियम वाढले. फॉस्फेट देताच सारे ओसरले.

हा विरोध वरवरचा आहे. स्फुरद घटताच मूत्रपिंडाच्या नलिका गाळलेले फॉस्फेट जवळजवळ सर्व परत शोषतात, आणि तेथेच ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप अधिक बनते. त्यामुळे आतडे कॅल्शियम जास्त घेते व हाडेही ते सोडतात. परंतु फॉस्फेटावाचून ते हाडांत पुन्हा बसत नाही. परावटू ग्रंथीचा स्राव मंदावलेला असतो, नलिका कॅल्शियम धरून ठेवीत नाहीत, आणि मॅग्नेशियमही त्याच वाटेने जाते. हाडांतून येणारा, फॉस्फेट बाहेर टाकावयास लावणारा संदेशवाहक २००० मध्ये सापडला. उणिवेत तोही घटतो.

रवंथ करणाऱ्या जनावरांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचे स्फुरद मुख्यतः लाळेवाटे आतड्यात व तेथून शेणात जाते, म्हणून मूत्रपिंडाच्या काटकसरीने फारसे साधत नाही. अशा जनावरास केवळ चुना चारणे निरर्थक, किंबहुना अपायकारकच. कारण जादा चुना आतड्यातील उरलेसुरले स्फुरदही बांधून टाकतो. गव्हाचा कोंडा व सरकीची पेंड यांत ते पुष्कळ असते. कपाशीने जमिनीतून ओढलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा रुईत नव्हे, सरकीतच साठलेला असतो.