शिवराई आणि तांबटाची भट्टी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाई हें गांव आज मिरचीच्या बाजारासाठीं ओळखलें जातें. जालना जिल्हा १९८१ सालीं झाला. त्यापूर्वीं हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तालुक्याची सीमा ओलांडली कीं बुलढाण्याचा वऱ्हाडी मुलूख लागतो. वऱ्हाड १८५३ मध्यें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें या सीमेच्या एका अंगाला कलदार रुपया व दुसऱ्या अंगाला हैदराबादचा हाली सिक्का अशी स्थिति राहिली. शंभर कलदार म्हणजे साधारणतः एकशें सोळा हाली व वर कांहीं आणे. कलदाराच्या आण्याचे पैसे चार, तर हालीच्या आण्याच्या पै सहा. बाजाराहून परतणाऱ्या माणसाच्या कनवटीला दोन्ही राज्यांची मोड असे, आणि घरीं आल्यावर ती वेगवेगळी करावी लागे.

नाण्यांचा इतिहास लिहिणारांची नजर बहुधा सोन्याकडे जाते, फार तर चांदीकडे. परंतु मीठमिरची ज्या नाण्यानें विकत घेतली गेली, तें तांब्याचें होतें. इंग्रजी पद्धतीनें रुपयाचे चौसष्ट पैसे कायम होण्यापूर्वीं तांब्याच्या पैशाचा रुपयाशीं असलेला भाव सराफ ठरवीत; तो गांवोगांव निराळा, आणि कधीं कधीं महिन्यामहिन्याला निराळा असे. त्यांत बट्टा वेगळा. निजामाच्या मुलखांतले जाड, ओबडधोबड ढब्बू आणि मराठी मुलखांतली शिवराई हीं या व्यवहाराचीं मुख्य नाणीं. जालन्यावर १८०३ पर्यंत शिंद्यांचा अंमल होता. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला असई येथें लढाई झाली, आणि ही असई पिंपळगांवच्याच टापूंतली. अशा सरहद्दीवरच्या प्रदेशांत कोणत्याही एकाच राजाचा पैसा चालत नसतो.

शिवराईचा जन्म १६७४ च्या राज्याभिषेकाशीं निगडित आहे. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, दोहोंवर एकच मजकूर: एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’. भोंवतालच्या बहुतेक राज्यांच्या नाण्यांवर फारसी अक्षरें असतां येथें देवनागरी आली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यामानानें कमी बोलली जाणारी गोष्ट अशी कीं, महाराजांच्या मागून आलेल्या छत्रपतींनीं आणि पुढें पेशवाईंतल्या टांकसाळींनीं हाच मजकूर तसाच चालू ठेवला. टांकसाळी मक्त्यानें दिल्या जात. मक्तेदारानें सांचा करवून घ्यावा, तांबें आणावें, नाणें पाडावें आणि सरकारला मक्त्याची रक्कम भरावी. त्यामुळें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ शिवाजीमहाराजांचें नांव असलेला पैसा पडत राहिला, आणि त्यावर ना वर्ष, ना टांकसाळीचें नांव. हातांत आलेली शिवराई रायगडची कीं उत्तर पेशवाईंतली, हें तिच्यावरचा मजकूर वाचून कळत नाहीं.

शिवराई नाहींशी कशी झाली, हें तिच्या वजनांत शोधलें पाहिजे. आरंभींची चांगली शिवराई तोळ्याच्या आसपास, अकरा ते तेरा ग्रॅम भरते. पुढच्या काळांतल्या पुष्कळशा तिच्याहून बऱ्याच हलक्या आहेत. इंग्रजी अमलांतला यंत्रावर पाडलेला तांब्याचा पैसा शंभर ग्रेनांचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमला किंचित् कमी. बाजारांत मात्र पैसा म्हणून या सर्वांना जवळजवळ एकच मान. मग ज्याच्या हातांत दोन पैसे पडले त्यानें जड तो बाजूला ठेवावा आणि हलका तो वाण्याला द्यावा, यांत आश्चर्य नाहीं. जड पैसा अखेर तांबटाकडे जाई. तेथें तांब्याला तांब्याचा भाव मिळे, आणि भट्टींतून निघे तो तपेल्याच्या रूपानें. हलका पैसा चलनांत फिरत, झिजत राही. ज्या नाण्यांत कारागिराची व राज्याची प्रतिष्ठा अधिक होती, तींच अशा रीतीनें आधीं वितळलीं. एकोणिसावें शतक संपेपर्यंत मुंबई इलाख्याच्या बाजारांतून शिवराई गेली. तांबटाला यांत दोष देण्यासारखें कांहींच नाहीं. नगानें विकत घेतलेलें तांबें वजनानें विकणें हा त्याचा धंदाच होता.

ती समूळ जाण्यापूर्वीं एका माणसानें हीं नाणीं मोजण्याइतक्या संख्येनें पाहिलीं, हें इतिहासाचें भाग्य. जस्टिन एडवर्ड्स ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. उतारवयांत अमेरिकेंत बसून त्यांनीं एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, महिपति यांचे इंग्रजी अनुवाद केले. १९३२ मध्यें ते वारले. अनुवादकार म्हणून त्यांचें नांव पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत शिवराईवर एक निबंध लिहिला, आणि त्यासाठीं सुमारें २५,००० नाणीं डोळ्यांखालून घातलीं. चौसष्टांचा भाव धरला, तर एवढ्या ढिगाची बाजारांतली किंमत चारशें रुपयांच्याही आंतच होते! त्या काळीं कोणत्याही संग्राहकानें या रकमेंत चार दुर्मिळ मोहोरा घेणें अधिक पसंत केलें असतें.

ॲबटांनीं ओळखलें तें असें कीं, एकटी शिवराई मुकी आहे. शेजारीं हजारों शिवराई नाणीं मांडलीं म्हणजे त्यांच्यांतले भेद दिसूं लागतात. कोठें ‘शिव’, कोठें ‘सिव’, कोठें ‘सीव’. कोठें ‘छत्रपति’, तर कोठें ‘छत्रपती’. कांहींवर कडेला ठिपक्यांचें वर्तुळ, कांहींवर चंद्र, सूर्य, बेलपान, त्रिशूळ. दोन ओळींच्या मध्यें दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. सांचा कोरणारानें ‘श’ च्या जागीं ‘स’ कोरला, यावरून तो कोणत्या राजवटींतला हें सिद्ध होत नाहीं. परंतु तोच ‘स’, तेंच वजन आणि तेंच चिन्ह शंभर नाण्यांवर एकत्र आढळलें, तर तीं एका टांकसाळीचीं असावींत असें म्हणण्यास जागा होते. दिनांक नसलेल्या नाण्याची कालगणना यापलीकडे फारशी कशावरही करतां येत नाहीं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. ॲबटांच्या हातीं नाणीं आलीं तीं शतकाच्या शेवटीं, म्हणजे जड नाणीं निवडून भट्टींत जाण्यास दीर्घ काळ मिळाल्यानंतर. चलनांत उरलेल्या ढिगावरून एकंदर टांकसाळींचा अंदाज बांधूं गेल्यास हलक्या, उशीरांच्या शिवराईचें पारडें आपोआप जड होणार. ही उणीव भरून काढूं शकतें तें चलनाबाहेर राहिलेलें नाणें: देवघरांतल्या डब्यांतलें, वाड्याच्या पायांत घातलेलें किंवा शेतांत पुरलेल्या मडक्यांतलें. खुद्द भोकरदनचेंच उदाहरण पाहावें. सांची व भारहुत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत येणारें भोगवर्धन तें हेंच. तेथें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. अशा उत्खननांत नाण्याबरोबर त्याचा थर, शेजारचें खापर, मणी हें सर्व नोंदलें जातें, आणि त्यावरून नाण्याचा काळ ठरतो. भट्टींतून वांचलेल्या घरच्या नाण्याला असा थर नसतो. तें कोणत्या गांवीं, कोणत्या घरांत, कशाबरोबर सांपडलें एवढीच नोंद त्याच्या उपयोगी पडते. ती बहुधा कोणी ठेवीत नाहीं. उलट नाणें हातीं येतांच चिंच व राख लावून तें लखलखीत करण्याची हौस असते; त्यानें पृष्ठभागावरचा जुना थर जातो, आणि झिजलेल्या अक्षराची उरलीसुरली कडही जाते. बाजारांत आतां नकली शिवराई मुबलक झाली असल्यानें तो जुना थर परीक्षकाच्या फार कामाचा आहे. जमिनींत पुरलेला ठेवा सांपडल्यास गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो.

तांब्याची ही पळवाट शिवराईपुरतीच राहिली नाहीं. सरकारनें १९०६ मध्यें पैसा शुद्ध तांब्याऐवजीं काशाचा केला व त्याचें वजन शंभर ग्रेनांवरून पंचाहत्तरांवर आणलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२-४३ च्या सुमारास, तोही बाजारांतून दिसेनासा होऊं लागला. मोडीची अशी टंचाई पडली कीं सुटी नाणीं गरजेपेक्षां अधिक सांठविणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. १९४३ मध्यें मधोमध भोंक असलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा निघाला. हैदराबादनेंही आपल्या दोन पैच्या नाण्याला त्याच सुमारास भोंक पाडलें. सीमेच्या दोन्ही अंगांना दोन राज्यें आणि दोन हिशेब. पण तांबें वांचविण्याची युक्ति एकच!

१९५७ मध्यें दशमान पद्धतीचा नवा पैसा आला, तो काशाचा, दीड ग्रॅमचा. १९६२ मध्यें तो निकेल-पितळेचा आणि १९६५ मध्यें ॲल्युमिनियमचा झाला. जून २०११ अखेर पंचवीस पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं चलनांतून काढून घेण्यांत आलीं. तेव्हांपासून खिशांतल्या मोडींतून जुनें तांबें निवडून काढण्याची सोय उरलेली नाहीं. एखादी जड, ठिपक्यांच्या वर्तुळाची शिवराई मराठवाड्यांत अजून उरली असेल, तर ती हळदीकुंकवानें माखून एखाद्या देवघरांत टांकांशेजारीं, किंवा पिंपळगांवसारख्या गांवांतल्या पडक्या वाड्याच्या मातींत असणार. आणि वाडा उतरवितांना निघणारें तांबें आजही मोडीच्या भावानें, वजनावरच विकलें जातें.