पाणी भरतो आपण, कारभारही आपणच करू

गावात पाण्याची योजना आली की नारळ फुटतो, फोटो निघतात. मग मोटार जळते, वीजबिल थकतं आणि घागरी पुन्हा आपल्या डोक्यावर येतात. असं का होतं, हे समजायला थोडं मागे जाऊया.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, पण कागदावरचा हक्क ओंजळीत आला नव्हता. कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. गावोगावी बोअर आणि हापसे आले. जालना आणि सोलापूरला घडलेल्या पंपांवरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार झाला आणि देशभर गेला. पण हापसा सरकारचा, दुरुस्तीही सरकारची. बिघडला की तालुक्याच्या माणसाची वाट पाहायची. शेतासाठी खोल बोअर वाढले, तसं पिण्याचं पाणी आटलं. म्हणून १९९३ साली राज्यात कायदा झाला: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायची नाही. पण आपली विहीर राखायला गावच उभं राहावं लागतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवलं. शेतीसाठी बोअर बंद, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत, आणि पहिला हिशेब पिण्याच्या पाण्याचा.

२००३ च्या सुमारास ‘जलस्वराज्य’ प्रकल्प आला. गावाने मागणी करायची, लोकवर्गणी भरायची, समितीने काम करून घ्यायचं. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्येही हेच सूत्र आहे. माणशी रोज ५५ लिटर पाणी, समितीत निम्म्या महिला, आणि पाणी तपासायला गावातल्याच पाच महिलांना प्रशिक्षण.

आता खरी गोष्ट बोलूया. समितीत नाव आपलं, सही आपली, आणि निर्णय मात्र चावडीवर, असं किती गावांत चालतं? आपण बचत गटात दर महिन्याला पै-पैचा हिशेब लिहितो, थकबाकी मागतो, बँकेत बोलतो. पाणीपट्टीचं रजिस्टर याहून अवघड नाही.

म्हणून आपण गटागटाने तीन कामं करूया. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत पाण्याचा जमाखर्च वाचायला लावूया. पाणीपट्टी किती जमली आणि वीजबिल किती भरलं, ते फलकावर लिहून घेऊया. आणि नळ शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो का, हे स्वतः जाऊन पाहूया. महाडने शिकवलेला धडा हाच आहे: ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं, असं नसतं.